रचलेले छायाचित्र आणि इतिहासाचा पुरावा : पुष्पमाला एन. यांच्या चित्रमालांचे स्वागत व त्यांवरील आक्षेप

प्रस्तावना

छायाचित्र हा अस्सल पुरावा होय, अशी धारणा इतिहासाच्या अभ्यासकांतही रुजलेली दिसते. कॅमेऱ्यासमोर जे होते तेच कागदावर उमटले, हा तिचा आधार. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना आणि अभिनय यांच्या साहाय्याने मुद्दाम रचलेली छायाचित्रे या धारणेलाच आव्हान देतात. पुष्पमाला एन. (जन्म १९५६, बंगळूर) यांच्या अशा छायाचित्रांविषयी उमटलेल्या संमिश्र प्रतिक्रियांचा ऐतिहासिक संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रमालांचे स्वरूप

बडोद्यात शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या पुष्पमाला १९९० च्या दशकात छायाचित्रणाकडे वळल्या. त्यांच्या छायाचित्रांत मुख्य पात्र त्या स्वतःच असतात. ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६-९८) ही कृष्णधवल चित्रमाला मुंबईत घडते. तिच्यातील मुखवटाधारी नायिकेमागे ‘हंटरवाली’ (१९३५) या वाडिया मूव्हिटोनच्या चित्रपटातील नादियाची स्मृती आहे. पुढे हिंदी चित्रतारकांची छायाचित्रे टिपणारे मुंबईचे जे. एच. ठक्कर यांच्या स्टुडिओत त्यांनी नवरसांवरील चित्रमाला केली. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह केलेली ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’ (२०००-०४) ही चित्रमाला सर्वाधिक चर्चिली गेली. राजा रविवर्मा यांची लक्ष्मी, वसाहतकालीन मानवमापनाचे छायाचित्र, वृत्तपत्रात छापून आलेल्या आरोपी स्त्रिया अशा परिचित प्रतिमा तीत पुन्हा उभ्या केल्या आहेत. पडदे व नेपथ्य कसे तयार झाले, हे दाखवणारी छायाचित्रेही या प्रकल्पाचाच भाग आहेत.

पूर्वपीठिका

रचलेले छायाचित्र ही काही अलीकडची कल्पना नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत स्टुडिओत उभ्या केलेल्या व्यक्ती आणि वेगळी टिपलेली पार्श्वभूमी यांची जोडणी केलेली आहे. वाचकांपुढे मात्र ती लोकजीवनाची माहिती म्हणून आली. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या (१८६८-७५) सरकारी प्रकल्पाने माणसांना ‘नमुने’ म्हणून मांडण्याची ही पद्धत दृढ केली. याच काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आक्षेप आणि त्यांचे मूल्यमापन

पुष्पमाला यांच्या चित्रांवरील पहिला आक्षेप नाटकीपणाचा आहे. हाच आक्षेप विसाव्या शतकाच्या प्रारंभी आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांच्या चित्रांवर घेतला होता. ज्या लक्ष्मीला घरोघरी देव्हाऱ्यात स्थान मिळाले, तिच्या घडणीतही रंगभूमीचा वाटा होता. तो वाटा झाकण्याऐवजी पुष्पमाला उघड करतात. म्हणून येथे नाटकीपणा हा दोष न राहता चिकित्सेचे साधन होतो. दुसरा आक्षेप अनुकरणाचा. अमेरिकेतील सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० या काळात चित्रपटांतील दृश्यांसारखी वाटणारी स्वतःची छायाचित्रे काढली; त्यांच्याशी पुष्पमाला यांची तुलना वारंवार होते. तथापि देवीचे चित्र, जातीचा ‘नमुना’ आणि पोलिसी नोंद यांना एकाच रांगेत बसवणारी दृष्टी ही येथील इतिहासातून आलेली आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चौकटीच्या पडद्यापुढे मोजमापासाठी उभ्या केलेल्या आदिवासी स्त्रीची भूमिका एक सुशिक्षित शहरी कलावती करते. चित्रण संपले की तो वेश उतरवते. मूळ स्त्रीला ती मुभा नव्हती. तिचे नावही बहुधा नोंदले गेले नाही. पुनर्रचनेने मापन करणाऱ्याची सत्ता उघडी पडते, हे खरे. पण त्यामुळे त्या स्त्रीला तिचा स्वतःचा आवाज मिळतो, असे म्हणता येत नाही. या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर सदर चित्रमालेत सापडत नाही आणि ते सापडल्याचा दावाही समीक्षेने करू नये.

समारोप

हा प्रश्न केवळ कलादालनापुरता नाही. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला आणि १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांचा जातीजमातींवरील चार खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील बंजारा स्त्रियांची छायाचित्रे आजही संदर्भ म्हणून वापरली जातात. ज्या पुसद परिसरातील वर्गांत बंजारा, गोंड, कोलाम समाजांचे विद्यार्थी बसतात, तेथे ही चित्रे केवळ ‘पारंपरिक वेशभूषा’ म्हणून दाखवणे अपुरे आहे. त्या व्यक्तींना कोणी उभे केले, कोणासाठी उभे केले, त्यांची संमती होती काय आणि त्यांची नावे कोठे गेली, हे प्रश्न चित्रासोबतच विचारले गेले पाहिजेत. पुष्पमाला यांच्या चित्रमालांविषयी मतभेद राहतील. परंतु प्रत्येक जुन्या छायाचित्रामागचा पडदा पाहण्याची सवय त्या लावतात, हे त्यांचे इतिहासाच्या अध्यापनातील महत्त्व मान्य करावे लागते.