नारायण पेठ ते सिंहगड: रविवारच्या ट्रेकआधीची गोष्ट

आजचा एपिसोड सिंहगड उतरून आल्या आल्या रेकॉर्ड करतोय. पोटऱ्या भरून आल्यात, त्यामुळे मधेच कण्हणं ऐकू आलं तर समजून घ्या.

मी राहतो नारायण पेठेत. रविवारी पहाटे उठायचं, स्वारगेटवरून ५० नंबरची पीएमपी पकडायची, आतकरवाडीतून चढायला लागायचं. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि दुपारपर्यंत परत घरी. मला वाटायचं, हा नाद आमच्या आयटीवाल्यांच्या पिढीचा. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्याच पेठेतला एक माणूस ह्याच गडावर जायचा. लोकमान्य टिळक.

तानाजी मालुसरे, ४ फेब्रुवारी १६७०, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, म्हणून ते सोडतो. आपल्या गोष्टीला महत्त्वाचं साल १८१८. गड इंग्रजांकडे गेला आणि लढायचा किल्ला म्हणून त्याचं काम संपलं. पण समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंची आणि उन्हाळ्यातला गारवा, हे कोण घालवणार? पुण्यातले गोरे साहेब वर बंगले बांधून उन्हाळा काढू लागले. पुढे टिळकांनी रामलाल नंदराम नाईक यांच्याकडून तिथली जागा घेतली आणि त्यांचाही बंगला झाला. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडायचं, त्यांच्याच हवा खाण्याच्या जागेत आपलं घर! मला तर हे फार आवडतं.

आता इकडे पेठेत काय चाललेलं बघा. १९०५ मध्ये टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला, तोच आजचा केसरीवाडा. दर मंगळवारी ‘केसरी’ निघायचा. अग्रलेख, कोर्टकज्जे, सभा, भेटायला येणाऱ्यांची रीघ, त्यात मधुमेह. म्हणजे डेडलाइन आणि मीटिंगा तेव्हाही होत्याच, फक्त कॅलेंडर अ‍ॅप नव्हतं.

पण फरक आहे, आणि तो मला उशिरा कळला. आपण गडावर जातो ते लॅपटॉप घरी ठेवून. टिळक विश्रांतीला जायचे हे खरंच, पण सोबत अभ्यासही जायचा. पेठेत बसून जमणार नाही असं सलग, लांबलचक काम करायची त्यांची ती जागा होती.

याचा सगळ्यात भारी पुरावा मंडालेचा. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या तुरुंगात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले, पण वह्या सरकारनं ठेवून घेतल्या. बॅकअप नाही, काही नाही! आसपासचे लोक काळजीत. टिळकांचं म्हणणं असं सांगतात, की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे. सिंहगडावरच्या बंगल्यात बसेन आणि पुन्हा लिहून काढेन. पुढे वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये पुस्तक आलं. पण पहिला विचार आला तो गडाचा. वाड्यात बसून लिहीन, असं नाही म्हणाले.

गांधीजींचीही एक गोष्ट आहे. ते पुण्यात आले की गडावरच्या देवटाक्याचं पाणी मुद्दाम मागवायचे, असं सांगतात. तेव्हा वरपर्यंत गाडीरस्ता नव्हता. म्हणजे ते पाणी कोणीतरी गड उतरून खाली आणत असणार. त्या माणसाचं नाव मात्र कुठेच ऐकायला मिळत नाही.

मागच्या महिन्यात मी टिळकांच्या बंगल्यापाशी टेकलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचा मेसेज. गडावर टॉवर आहेत, रेंज कडक. मी तिथेच रिप्लाय दिला, मग दुसरा, मग तिसरा. एका दगडावर बसून पंचेचाळीस मिनिटं सपोर्ट दिला. टिळकांना असा निरोप पोचवायला पुण्याहून माणूस निघाला असता, तर त्याला डोणज्यापर्यंत येऊन वर गडही चढावा लागला असता. एवढी खटपट करण्याइतकं काम महत्त्वाचं आहे का, हा विचार त्यानं खालीच केला असता.

म्हणून आज फोन फ्लाइट मोडवर टाकला, एक वही घेतली आणि देवटाक्याजवळ दोन तास बसलो. ह्या एपिसोडचं पहिलं पान तिथंच लिहिलं. पहिला अर्धा तास हात सारखा खिशाकडेच जात होता.