दुसऱ्या बाजूचा वकील

रॉबर्ट बिलॉट हे अमेरिकेतल्या सिनसिनाटीमधल्या एका जुन्या लॉ फर्मचे वकील. रासायनिक कंपन्या हेच त्यांचे अशील. १९९८ मध्ये आजीच्या ओळखीतून त्यांना वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गहून फोन आला. विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या गाई पटापट मरत होत्या. तो व्हिडिओ कॅसेट आणि फोटोंची खोकी घेऊनच ऑफिसात हजर झाला. ओढ्यावर फेस, लाळ गाळणारी जनावरं, मेलेल्या गाईचे काळे पडलेले दात. ओढ्याच्या वरच्या अंगाला ड्युपाँट कंपनी कारखान्याचा कचरा टाकत असे.

बिलॉटनी वकीलपत्र घेतलं आणि १९९९ मध्ये दावा लावला. कंपनी आणि सरकारी पर्यावरण खातं यांनी मिळून नेमलेल्या पशुवैद्यांनी मात्र ठपका ठेवला तो शेतकऱ्याच्या हेळसांडीवर!

मग कोर्टाच्या आदेशाने कंपनीचे कागद आले: १ लाख १० हजारांहून जास्त पानं. बिलॉट ऑफिसच्या जमिनीवर फतकल मारून ती तारीखवार लावत बसले. कंपन्या कोणता कागद का जपून ठेवतात, हे त्यांना आतून ठाऊक होतं. टेफ्लॉनसाठी लागणारं ‘सी-८’ हे रसायन गावच्या नळाच्या पाण्यात उतरल्याचं ड्युपाँटला १९८४ पासून माहीत होतं. पण नियंत्रित रसायनांच्या सरकारी यादीत ते नव्हतंच. मार्च २००१ मध्ये बिलॉटनी सरकारला ९७२ पानांचं पत्र धाडलं आणि त्याच वर्षी गावकऱ्यांचा सामूहिक दावा गुदरला.

२००४ च्या तडजोडीत ७ कोटी डॉलर रोख मिळाले. ते नुसते वाटून टाकण्याऐवजी वकिलांनी एक अट घातली: रक्त तपासायला द्या, प्रश्नावली भरा, ४०० डॉलर घ्या. सुमारे ६९ हजार माणसं रांगेत उभी राहिली. त्या आधारावर शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगासह सहा विकारांशी सी-८चा संभाव्य संबंध जोडला. असा संबंध निघाला तर हे रसायन त्या आजाराला कारण ठरू शकतं, हा मुद्दा गावकऱ्यांच्या दाव्यांत नाकारायचा नाही, हे कंपनीने तडजोडीतच लिहून दिलं होतं.

२०१७ मध्ये साडेतीन हजारांवर वैयक्तिक दावे ६७ कोटी १० लाख डॉलरना मिटले. पिण्याच्या पाण्यात सी-८ किती चालेल, याची देशभर बंधनकारक मर्यादा अमेरिकेने ठरवली ती २०२४ मध्ये, त्या पत्राला २३ वर्षं झाल्यावर.