आचार्य रजनीश (ओशो) : कोरेगाव पार्क ते अमेरिकेतलं विषकांड

डिंगोरे (ता. जुन्नर) : जगाचा अंत जवळ आलाय असं सांगणारे गुरू जगभर झाले. त्यातलं एक मोठं प्रकरण आपल्या पुणे जिल्ह्याशी जोडलेलं आहे. त्याची ही थोडक्यात माहिती.

सुरुवात : मूळ नाव चंद्रमोहन जैन. जन्म ११ डिसेंबर १९३१, कुचवाडा (मध्य प्रदेश). आधी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९७४ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला आश्रम काढला. परदेशी शिष्यांची रीघ लागली.

गाव ताब्यात : १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेत गेले. ओरेगॉन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांवर रजनीशपुरम वसलं. शेजारी अँटिलोप हे पन्नासएक वस्तीचं खेडं. शिष्यांनी तिथं राहायला जाऊन मतदार यादीत नावं लावली आणि गावचा कारभारच घेतला. गावाचं नावसुद्धा बदललं.

भाकीत : एड्सने दोन तृतीयांश मानवजात मरेल, असं १९८४ मध्ये रजनीश यांनी सांगितलं. ते खोटं ठरलं.

विषकांड : त्याच वर्षी काउंटीची निवडणूक होती. विरोधी मतदार आजारी पडून घरीच राहावेत, म्हणून द डॅलस या शहरातल्या दहा हॉटेलांत कोशिंबिरीत साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ जण आजारी पडले. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

शिक्षा : कटाची प्रमुख सचिव मा आनंद शीला हिने गुन्हा कबूल केला, २० वर्षांची शिक्षा झाली, पण अडीच वर्षांच्या आतच ती सुटली. रजनीश यांनी सगळा दोष तिच्यावर टाकला. विषाचा गुन्हा त्यांच्यावर सिद्ध झाला नाही. परदेशी शिष्यांच्या वास्तव्याबाबतच्या फसवणुकीत १९८५ मध्ये त्यांना ४ लाख डॉलर दंड झाला आणि अमेरिका सोडावी लागली. १९८७ मध्ये ते पुण्यात परतले. १९ जानेवारी १९९० ला निधन झालं.

मुलांचे हाल : या पंथात वाढलेल्या काही जणांनी लहानपणी झालेल्या लैंगिक शोषणाची हकिकत मोठेपणी सांगितली. तेव्हा आजूबाजूच्या मोठ्यांपैकी कुणी थांबवलं नाही, हीच त्यांची तक्रार आहे.

आपल्यासाठी : शिष्य अडाणी नव्हते, त्यांत डॉक्टर-वकीलही होते. तेव्हा शिकलेला माणूस फसत नाही, या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक शोषण करणं किंवा साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणं हा त्यात गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षं कैद होते. असं काही दिसलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. बुवाच्या माणसांना विचारत बसू नका.