अक्षय भाता नसलेला तिरंदाज

तिरंदाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिला येतो तो अर्जुन. पोपटाचा डोळा, गांडीव धनुष्य आणि खांडववनाच्या वेळी अग्नीने वरुणाकडून मिळवून दिलेले, कधीच न संपणारे दोन भाते. आता अर्जुनाकडून गांडीव काढून घ्या, भातेही घ्या. उरतो तो माणूस. लो-मॅजिक, म्हणजे जादू मिठापुरतीच असलेल्या रोल-प्लेइंग गेममध्ये तिरंदाज रचायचा तर सुरुवात या माणसापासून करावी लागते. आणि गंमत म्हणजे बहुतेक जण नेमकं तेच करत नाहीत.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण, कागद-पेन्सिल आणि फासे. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे आकड्यांत मांडलेली असते. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून ही पद्धत रूढ झाली.

तर मुद्दा असा की या कागदावर तिरंदाज नेहमी सडपातळ असतो. सगळे गुण चपळाईत घालायचे आणि ताकदीच्या रकान्यात उरलंसुरलं टाकायचं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर धनुष्याचा नेमही चपळाईवर आणि इजाही चपळाईवरच! म्हणजे पाण्याची घागर उचलताना धापा टाकणारं पात्र माणसाच्या उंचीचं धनुष्य दिवसभर आरामात ओढत बसतं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत निदान ताकदवान माणसासाठी मुद्दाम बनवलेलं धनुष्य जास्त इजा करायचं. ‘गर्प्स’मध्येही धनुष्याचा मारा ताकदीवरच ठरतो.

खरं काय होतं ते समुद्राच्या तळाशी सापडलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडालं. १९८२ साली ते वर काढलं. त्यातून १३७ अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले. धनुष्यं यू नावाच्या झाडाच्या लाकडाची, बहुतेक सहा फुटांपेक्षा उंच. त्यांची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण मागे खेचायला लागणारा जोर, अभ्यासकांनी १०० ते १८५ पौंड काढला आहे. किलोत सांगायचं तर ४५ ते ८४. तुलनेसाठी, आज ऑलिंपिकमध्ये पुरुष तिरंदाज वापरतात ते धनुष्य साधारण ४५ ते ५० पौंडांचं असतं. किलो नव्हे, पौंड!

त्याच जहाजावर माणसंही सापडली, म्हणजे त्यांचे सांगाडे. खांद्याच्या फऱ्याच्या टोकाचं एक हाड तरुणपणी बाकीच्या फऱ्याला जुळून जातं. इथल्या बऱ्याच जणांमध्ये ते जुळलेलंच नव्हतं, आणि त्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त होतं. हाडांच्या अभ्यासक ॲन स्टरलंड यांनी याचा संबंध पोरवयापासून जड धनुष्य ओढण्याशी जोडला. कोल्हापूरचा पैलवान जसा कानावरून ओळखावा, तसा हा तिरंदाज खांद्यावरून!

हे शरीर कमावलं कसं जायचं, याचं वर्णन ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ मध्ये राजासमोरच्या प्रवचनात केलं होतं. वडिलांनी त्याला नुसत्या हातांच्या जोराने नव्हे तर सगळं अंग धनुष्यात घालून ओढायला शिकवलं. वय आणि ताकद वाढेल तसं त्याला मोठं धनुष्य आणून दिलं. गेमच्या भाषेत लेव्हल-अप म्हणतात ते हेच. फक्त इथे एकेका लेव्हलला काही वर्षं लागायची.

आणि ही वर्षं फुकट मिळत नव्हती. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढलं की सुट्टीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी तिरंदाजीचा सराव करावा, फुटबॉलसारखे निरुपयोगी खेळ बंद. आपला वीकएंड राजाने घेतला तर कसं वाटेल, विचार करून बघा :-) चांगलं यूचं लाकूड देशात पुरेना, म्हणून १४७२ च्या कायद्याने परदेशी माल आणणाऱ्या जहाजांना दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणणं सक्तीचं केलं. १४१७ मध्ये पाचव्या हेन्रीने बाणांच्या पिसांसाठी दर हंसामागे सहा पिसं गोळा करायला लावली. एका तिरंदाजामागे असा सगळा देश राबत होता.

आता भात्याकडे वळू. इंग्लिश सैन्यात बाणांची एक जुडी २४ ची असायची. मिनिटाला सहा बाण धरले तरी जुडी चार मिनिटांत संपते. मग पुढे? २५ ऑक्टोबर १४१५ ला ॲजिन्कोर्टला हेच झालं. इंग्लिश सैन्यात बहुसंख्य तिरंदाजच होते. त्यांनी समोर टोकदार खुंट रोवले आणि चिखलातून येणाऱ्या फ्रेंचांवर बाण सोडले. मारा थांबल्यावर धनुष्यं टाकली आणि कुऱ्हाडी, तलवारी, लाकडी हातोडे घेऊन त्याच चिखलात उतरले. जड चिलखतात रुतलेल्या सरदारांना हे हलके, दणकट खांद्यांचे गडी भारी पडले. ‘तिरंदाज मागे उभा राहतो, जवळ आलं की संपला’ हा समज इथे मोडतो.

मग एवढं प्रभावी शस्त्र गेलं का? कारण त्याच्यामागची वर्षं परवडेनाशी झाली. बंदूक चालवायला माणूस काही आठवड्यांत तयार होतो, तिरंदाजाला अर्धं आयुष्य लागतं. १५४५ सालीच, मेरी रोझ बुडालं त्या वर्षी, रॉजर ॲशमने ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं इंग्रजी पुस्तक आठव्या हेन्रीला अर्पण केलं. पन्नास वर्षांनी, १५९५ मध्ये, राणीच्या प्रिव्ही कौन्सिलने प्रशिक्षित तुकड्यांतून धनुष्य काढून बंदुका द्यायला सांगितलं.

हे सगळं टेबलावर कसं आणायचं? मी चार साधे नियम ठेवतो. एक, प्रत्येक धनुष्याला ताकदीचा आकडा द्यायचा. पात्राची ताकद त्याहून कमी असेल तर पल्लाही निम्मा आणि इजाही निम्मी. नेम मात्र चपळाईवरच राहू द्यावा, तो अन्याय नको. दोन, बाण २४, आणि प्रत्येक बाण मोजायचा. लढाईनंतर जे सापडतील तेवढेच परत. तीन, कमरेला दुसरं हत्यार हवंच. चार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: या माणसाच्या हातात पहिलं धनुष्य कोणी आणि कितव्या वर्षी दिलं, आणि त्याचे बाण आज कोण बनवतं, हे खेळ सुरू होण्याआधी ठरवायचं.

कोणी म्हणेल, बाण मोजत बसणं म्हणजे हिशेबनिसाचं काम, मजा कुठे आहे त्यात? पण शेवटचे तीन बाण उरलेत, पुलावरून पाच जण येताहेत आणि मागे आपला जखमी सोबती आहे, तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते ती अक्षय भात्याने कधीच येत नाही. कोणावर बाण सोडायचा आणि कोणाला जवळ येऊ द्यायचं, हे तिथे खरोखर ठरवावं लागतं. लो-मॅजिक गेम आपण खेळतो तो याचसाठी, नाही का?

तूर्तास एवढंच. पुढचा तिरंदाज रचाल तेव्हा त्याच्या खांद्यांवर थोडे गुण जरूर खर्च करा.