एल्सी अजून आली नाही

बर्लिन, ११ मे १९३१. ऊफा-पालास्ट आम झो. दोन हजारांवर खुर्च्यांच्या या थिएटरात तुम्ही बाल्कनीत बसलात. शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर पेपरची घडी आहे. ड्युसेलडॉर्फच्या पेटर क्युर्टेनला नऊ खुनांसाठी नऊ वेळा देहदंड सुनावून अजून तीन आठवडेही झालेले नाहीत.

दिवे मालवतात. पडदा काळाच, पण एका पोरीचा आवाज येतो. चाळीच्या चौकात मुलं खेळताहेत, खेळातलं गाणं खुन्याचं. वरून एक बाई खेकसते: बंद करा ते! दुसरी म्हणते, गाताहेत तोवर निदान आहेत हे तरी कळतं.

फ्रिट्झ लांगचा हा पहिला बोलपट, 'एम'. मुंबईत दोन महिन्यांपूर्वी लागलेला 'आलमआरा' गाण्यांनी भरलाय. इथे पार्श्वसंगीत औषधालाही नाही.

एल्सीची आई, फ्राऊ बेकमान, धुणं धुतेय. घड्याळात बाराचे टोले पडतात आणि ती हसते: शाळा सुटली! हात पुसून ताट मांडते, चुलीवरचं ढवळते. तिकडे रस्त्यात एल्सी एका खांबावर चेंडू आपटतेय. खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्क बक्षिसाची जाहिरात, आणि तिच्यावर एक सावली येऊन थांबते. तुम्हाला कळलं. आईला नाही.

जिन्यात पावलं वाजतात. दुसऱ्याच मुली. एल्सी तुमच्याबरोबर नव्हती? नाही. बेल वाजते. सनसनाटी कादंबरीचा नवा हप्ता विकणारा. त्यालाही तेच विचारते. मग खिडकीतून हाक. एल्सी! रिकामा जिना दिसतो. एल्सी! कपडे वाळत घातलेला माळा. एल्सी! कोरं ताट. हाका येत राहतात, आई मात्र पडद्यावर कुठेच नाही. बाल्कनीचा कठडा तुम्ही घट्ट धरलाय.

पुढचा पाठलाग, चोरांनी भरवलेलं कोर्ट, सगळं नामी आहे. (खुन्याची शिट्टी खुद्द लांगची, खुनी साकारणाऱ्या पीटर लोरेला ती वाजवता येईना.) पण माझ्या मते खरा थरार त्या पहिल्या काही मिनिटांतच आहे. लांगबरोबर पटकथा लिहिणारी त्याची बायको, थेआ फॉन हार्बू. लवकरच ती त्याच्यापासून वेगळी होऊन बेळगावकडच्या अयी तेंडुलकरांशी लग्न करणार आहे, हे आत्ता या थिएटरात कुणाच्या गावीही नाही.

शेवटी खऱ्या कोर्टात न्यायाधीश येतात, निकालाला तोंड फुटतं. क्युर्टेनचा निकाल पेपरात वाचलेलं हे गाव कान टवकारतं. लांग तिथेच कापतो. बाकावर काळ्या कपड्यांतल्या तीन आया. एल्सीची आई म्हणते, याने आमची मुलं काही परत येणार नाहीत. शिक्षा काय झाली, ते तो सांगत नाही.