नडगीचा अस्थिभंग आणि जखमेचा इतिहास

इसवी सन १८६५ च्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रुग्णालयांत जेम्स ग्रीनलीज नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचें चाक पायावरून जाऊन त्याच्या नडगीचें हाड मोडलें होतें व कातडी फाटली होती. अशा जखमेंत पू होऊन रोगी दगावत. म्हणून पाय कापणें हाच त्या काळीं बहुधा उपाय असे. शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक आम्लांत भिजविलेली पट्टी जखमेवर बांधली. चार दिवसांनीं ती सोडली, तों पुवाचा मागमूस नव्हता. सहा आठवड्यांत हाड सांधलें. १८६७ सालीं लिस्टरांनीं अशा अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. नऊ जण पायासह बरे झाले, एकाचा पाय कापावा लागला व एक दगावला.

हा विजय मोठा खरा. परंतु नडगीचें दुबळेपण त्यानें गेलें नाहीं. मांडीच्या हाडाभोंवतीं मांसाचें जाड आवरण असतें. नडगीच्या आंतल्या अंगास मात्र कातडीखालीं लागलेंच हाड. पाय सुजून फोड आले असतां त्याच कातडीवर शस्त्र चालविलें, तर ती काळी पडून आंतील धातूची पट्टी उघडी पडण्याचें भय असतें. म्हणून हाड बाहेरून सळयांनीं स्थिर करून, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबण्याची रीत पुढें पडली. उघड्या जखमेस मात्र विलंब सोसत नाहीं. गस्टिलो व अँडरसन या अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांनीं १९७६ सालीं १,०२५ उघड्या अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यांचे तीन वर्ग पाडले. जखम जितकी मोठी, तितका पू होण्याचा धोका अधिक.

वर्धा जिल्ह्यांत बैलगाडीचें चाक सर्वांच्या ओळखीचें; त्यांत आतां ट्रॅक्टर व नागपूर-हैदराबाद महामार्गावरील मोटारींची भर पडली आहे. १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नय्यर यांनीं सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय स्थापिलें, तेव्हां अशा उपचारांचें साधन खेड्याच्या जवळ आलें. तरी सर्व कांहीं शस्त्रवैद्याच्या हातीं नसतें. आटोक्यांत नसलेला मधुमेह आणि अपुऱ्या अन्नानें क्षीण झालेलें शरीर जखम भरूं देत नाहींत. विडीनें रक्तवाहिन्या आकसतात. विदर्भांतील खर्ऱ्यांतही तीच तंबाखू असते.

यास्तव पाय मोडलेल्या मनुष्याच्या जखमेस शेण, माती वा हळद लावूं नये. स्वच्छ फडक्यानें ती झांकावी, पायास फळीचा आधार द्यावा व त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. आणि मधुमेह व तंबाखू यांविषयीं डॉक्टरांस खरें तें सांगावें.