शब्दवेध : बंब आणि ओफुरो

नागपूरच्या जुन्या घरांत दिवाळीच्या पहाटे बंब पेटायचा. हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, त्याचा अर्थ पाणी उपसायचा पंप. म्हणून आग विझवतो तो ‘आगीचा बंब’. अंघोळीच्या बंबाच्या मात्र पोटातच आग!

बंब परका, ‘न्हाणी’ मात्र अस्सल घरची : संस्कृत स्नान, प्राकृत ण्हाण, मग न्हाण.

शेजारच्या कामठीत १९९९ साली जपानी मदतीतून ड्रॅगन पॅलेस विहार उभा राहिला. त्या नात्याने एक शब्द तिकडचाही : जपानीत अंघोळीला ‘फुरो’ म्हणतात, आदराचा ‘ओ’ लावून ‘ओफुरो’. हिनोकी नावाच्या झाडाच्या सुगंधी लाकडाच्या टबात गळ्यापर्यंत बसायचे, पण अंग आधी बाहेर धुऊन. आपल्या घंगाळात कोण बसतो? त्यातून तांब्याने पाणी घ्यायचे. तो तांब्याही ताम्रावरूनच, मग स्टीलचा का असेना.